चौथ्या अंकातला हिशेब

सीझर मरतो तेव्हा नाटक जेमतेम निम्मं झालेलं असतं. तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात त्याच्यावर वार होतात आणि उरलेलं नाटक त्याच्यावाचून चालतं. ज्याचं नाव नाटकाला आहे तो माणूस जिवंतपणी तीनच प्रवेशांत दिसतो, पुढे एकदा भूत होऊन येतो आणि संपलं. ब्रूटसच्या तोंडी त्याच्या चौपटीहून अधिक ओळी आहेत. ‘हॅम्लेट’ हॅम्लेटचं आणि ‘लिअर’ लिअरचं, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. ‘ज्युलियस सीझर’ नेमकं कोणाचं, यावर मात्र चारशे वर्षं वाद चालू आहे, आणि तो कधी निव्वळ वाङ्मयीन राहिलेला नाही. नाटक ब्रूटसचं म्हटलं की सत्ताधीशाला मारणं कधीकधी रास्त असतं हे कबूल केल्यासारखं होतं. सीझरचं म्हटलं की कटवाले कृतघ्न खुनी ठरतात. मधला रस्ता काढू पाहणारे पुष्कळ झाले. त्यातले बरेचसे अँटनीच्या भाषणात अडकून पडले.

हा सगळा वाद एकत्र ठेवून पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. समीक्षक काय, दिग्दर्शक काय, परीक्षेचे पेपर काढणारे काय, सगळे तिसऱ्या अंकाभोवती घुटमळतात : खून आणि खुनानंतरची दोन भाषणं. चौथा अंक म्हणजे लढाईपूर्वीची भरती, असा समज आहे. मला उलटं वाटतं. निष्ठांची खरी झडती शेक्सपिअरने चौथ्या अंकात घेतली आहे, आणि तिथून मागे वाचत आलं तर आधीच्या उदात्त बोलण्याचा भाव बराच उतरतो. पण तिथे पोचायच्या आधी हा वाद आला कुठून ते पाहायला हवं.

नाटक 1599 चं. बाझलचा थॉमस प्लाटर नावाचा प्रवासी त्या वर्षी लंडनमध्ये होता. 21 सप्टेंबरला दुपारी दोनच्या सुमाराला टेम्स ओलांडून गवताने शाकारलेल्या एका नाटकघरात आपण सीझरचं नाटक पाहिलं, पंधराएक पात्रं होती, शेवटी नटांनी नाच केला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हे ग्लोब असावं, असा बहुतेकांचा कौल आहे. शोकांतिका संपली, प्रेतं उठली आणि नाचू लागली, ही त्या काळची रीतच होती. नाटक छापलं गेलं ते मात्र 1623 च्या फोलिओत, शेक्सपिअर वारल्यावर सात वर्षांनी.

त्या सप्टेंबरात एलिझाबेथ राणीला सहासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. नवरा नाही, मूल नाही, वारस जाहीर केलेला नाही, आणि वारसाविषयी उघड बोलणं तुरुंगाची वाट दाखवणारं. राणीचा लाडका अर्ल ऑफ एसेक्स मार्चमध्ये फौज घेऊन आयर्लंडला गेला होता. जूनमध्ये धर्मसत्तेने उपहासकाव्यांच्या छपाईवर बंदी घातली आणि इंग्लंडच्या इतिहासावरची पुस्तकं प्रिव्ही कौन्सिलच्या परवानगीशिवाय छापू नयेत असं फर्मावलं. बंडखोरी हे सगळ्यांत मोठं पाप, अशी प्रवचनं चर्चमधून वाचून दाखवली जात होती. अशा वेळी नाटककार रोमला जातो, कारण रोम लांब असतो. (आपल्याकडे खाडिलकर 1907 साली विराटाच्या दरबारात गेले ते याच कारणाने. ‘कीचकवध’मधला कीचक कोण हे प्रेक्षकांना ताबडतोब कळलं, सरकारला कळून बंदी यायला 1910 उजाडलं.) शेक्सपिअरच्या मंडळींची ही सावधगिरी वाया गेली नव्हती. दीडएक वर्षाने, फेब्रुवारी 1601 मध्ये, एसेक्सच्या माणसांनी बंडाच्या आदल्या दिवशी पैसे मोजून याच कंपनीकडून राजाला पदच्युत करणारं ‘रिचर्ड दुसरा’ करून घेतलं. बंड फसलं, एसेक्सचं डोकं उडालं. नटांची चौकशी होऊन सुटका झाली.

समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात ब्रूटसबद्दल दोन परस्परविरोधी परंपरा होत्या. दान्तेने नरकाच्या तळाशी, सैतानाच्या तीन जबड्यांत, ख्रिस्ताचा घात करणाऱ्या ज्यूडासबरोबर ब्रूटस आणि कॅसियस यांना चावायला ठेवलं होतं. उपकारकर्त्याचा घात, यापेक्षा मोठं पाप दान्तेच्या जगात नाही. पण दान्तेच्याच फ्लॉरेन्समध्ये 1537 साली अलेस्सांद्रो दे मेदिचीचा खून झाल्यावर मायकेलअँजेलोने ब्रूटसचा संगमरवरी अर्धपुतळा घडवायला घेतला. मान वळवलेला, ताठ, राकट ब्रूटस. तो आजही तिथल्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. प्रजासत्ताकवाद्यांना तो आपला वाटे. म्हणजे एकाच शहराच्या परंपरेत दोनशे वर्षांच्या अंतराने तोच माणूस नरकात आणि चौथऱ्यावर. शेक्सपिअरने यातला एक ब्रूटस निवडला असता तर नाटक सोपं झालं असतं.

पुढच्या टीकाकारांनी निवडायचा प्रयत्न केला. सतराव्या शतकाच्या अखेरीला टॉमस रायमरने रोमन सरदारांना शोभेसं हे बोलत नाहीत म्हणून नाटकाला झोडपलं. व्होल्तेरला लोकांच्या गर्दीचे प्रवेश गावंढळ वाटले, तरी पहिले तीन अंक त्याने फ्रेंचमध्ये आणले; तीनच, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वतःच्या ‘सीझरचा मृत्यू’मध्ये त्याने ब्रूटस हा सीझरचा मुलगाच करून टाकला आणि स्त्रीपात्रं काढून टाकली. कोलरिज अडला तो दुसऱ्या अंकातल्या स्वगतापाशी : ब्रूटस असा विचार करतो, तर मग हा माणूस आहे तरी कसा, असं शेक्सपिअरला सुचवायचंय? उत्तर त्याला सापडलं नाही. 1904 मध्ये ए. सी. ब्रॅडलीने चार थोर शोकांतिकांवर ग्रंथ लिहिला, त्यात ‘सीझर’ला जागा नव्हती. हुकूमशहांचं शतक निम्मं सरल्यावर, 1949 मध्ये, डोव्हर विल्सनने नाटकाची संपादित आवृत्ती काढली आणि सीझर हा जुलमीच असल्याचं ठासून मांडलं. मग 1963 मध्ये अर्न्स्ट शान्झरने म्हटलं की हे समस्यानाटक आहे : प्रेक्षकाची बाजू सतत हलती ठेवणं हाच त्याचा घाट आहे. आज महाविद्यालयात बहुधा हेच शिकवलं जातं. ते चूक नाही, पण सोयीचं आहे. बाजू हलती ठेवली म्हणून शेक्सपिअरने कोणाचाच हिशेब केला नाही, असं होत नाही.

तो हिशेब कळायला त्याच्या टेबलावरचं पुस्तक पाहावं. प्लूटार्कने लिहिलेली सीझर, ब्रूटस आणि अँटनी यांची चरित्रं टॉमस नॉर्थने 1579 मध्ये फ्रेंचवरून इंग्रजीत आणली होती. शेक्सपिअर त्यातून भरभरून उचलतो, काही ठिकाणी वाक्यंच्या वाक्यं. म्हणून जिथे तो बदल करतो तिथे थांबायला हवं. तीनेक वर्षांच्या म्हणता येतील एवढ्या घडामोडी त्याने दाबून बसवल्या, फिलिपायच्या दोन लढायांमधले तीनेक आठवडे पुसून एकच दिवस केला, साठाहून अधिक कटवाल्यांचे आठ केले, तेवीस जखमांच्या तेहतीस केल्या. ही नाटकवाल्याची सोय. सीझर डाव्या कानाने बहिरा आहे, ही भर मात्र त्याची स्वतःची, आणि खट्याळ : ज्याच्यापाशी सगळं रोम गाऱ्हाणी घेऊन येतं त्याला एका बाजूचं ऐकू येत नाही.

खरा बदल पुढचा. प्लूटार्ककडे ब्रूटसला चेतवणाऱ्या चिठ्ठ्या लोकांनी टाकलेल्या आहेत. ब्रूटसच्या पूर्वजाने शेवटच्या राजाला रोममधून हाकललं होतं. त्याच्या पुतळ्याखाली, ब्रूटसच्या न्यायासनावर नागरिक कागद ठेवून जात. म्हणजे मागणी खरी होती. शेक्सपिअरने त्या चिठ्ठ्या कॅसियसला लिहायला लावल्या, वेगवेगळ्या अक्षरांत, आणि खिडकीतून आत फेकायला लावल्या. ब्रूटस त्या मेणबत्तीच्या नाही, आकाशातून झरझर पडणाऱ्या उल्कांच्या उजेडात वाचतो आणि अर्धवट सोडलेली वाक्यं स्वतःच पुरी करतो. रोमची हाक आली असं त्याला वाटतं. हाक मेहुण्याची असते.

मेहुणा खराच. कॅसियसची बायको ही ब्रूटसची सावत्र बहीण. नातेसंबंधांच्या या गुंत्यातलं बरंच शेक्सपिअरने गाळलं, आणि काय गाळलं तेही बोलकं आहे. ब्रूटसची आई सर्व्हिलिया ही सीझरची अनेक वर्षांची प्रेयसी, इतकी की ब्रूटस त्याचाच मुलगा असल्याची कुजबुज प्लूटार्कने नोंदवली आहे. शिवाय ब्रूटस फार्सालसला सीझरविरुद्ध पाँपीच्या बाजूने लढला होता. आपल्या बापाला मारणाऱ्या पाँपीच्या बाजूने, निव्वळ तत्त्व म्हणून. हरल्यावर सीझरने त्याला माफ केलं, वर प्रेटरचं पद दिलं. कॅसियसलाही तेच. हे सगळं नाटकात आणलं असतं तर ब्रूटसच्या वागण्याला घरगुती कारणं चिकटली असती : आईची लाज, माफीचं ओझं. व्होल्तेरने नेमकी तीच वाट धरली. शेक्सपिअरने वैयक्तिक कारणांचा कागद कोरा ठेवला, आणि मग ब्रूटसला रात्री बागेत एकट्याला उभं केलं.

कोलरिज अडला ते स्वगत नीट ऐकावं. ब्रूटस सुरुवातच निकालाने करतो : सीझरला मरावं लागेल. मग कारण शोधायला लागतो. माझी त्याच्याशी व्यक्तिशः काही तक्रार नाही, असं म्हणतो. त्याच्या विकारांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, हेही म्हणतो. मग उरतं काय? तो मुकुट घालील आणि बदलेल, ही शक्यता. आज तो जसा आहे त्यावरून आरोप टिकत नाही, तेव्हा आरोप असा मांडू या की तो वाढला तर काय होईल, आणि त्याला अंड्यातला साप समजू या. आरोपाला घाट देणारा वकील तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच. यात ढोंग नाही, हे लक्षात घ्यावं लागतं. ढोंगी माणूस एकटा असताना इतक्या प्रामाणिकपणे स्वतःची पंचाईत बोलून दाखवत नाही. पण माणसाशी असलेली निष्ठा एका नावाकडे, ‘रोम’ नावाच्या गोष्टीकडे वळवताना त्याने जे केलं, ते नाटकातला प्रत्येकजण पुढे करणार आहे, आणि इतक्या प्रामाणिकपणे नाही.

कॅसियसला हे कळतं. पहिल्या अंकात ब्रूटस निघून गेल्यावर तो एकटाच म्हणतो त्याचा मतलब असा : सीझर माझ्यावर खार खाऊन आहे आणि ब्रूटसवर त्याचा जीव आहे, मी ब्रूटस असतो आणि तो कॅसियस, तर मी त्याच्या बोलण्याला बधलो नसतो. कटाचा सूत्रधार स्वतःच सांगतोय की एवढा लोभ असणाऱ्याने फितूर होऊ नये. प्रयोगांत या ओळी भराभर म्हटल्या जातात. त्या सावकाश म्हटल्या की कॅसियसच्या गळ्यातला हेवा आणि कौतुक एकदमच ऐकू येतात.

खरं तर विश्वासघात हा शब्द कोणाला चपखल बसत असेल तर तो डेसियसला. इतिहासातला डेसिमस ब्रूटस हा सीझरचा जुना सेनानी, मृत्युपत्रात दुय्यम वारस म्हणून नाव असलेला. बायको कॅल्फर्निया हिला पडलेल्या वाईट स्वप्नामुळे सीझर घरीच थांबायचं म्हणतो, तेव्हा तो त्या स्वप्नाचा गोड अर्थ लावून त्याला बाहेर काढतो. पाचएक मिनिटांचं काम, अतिशय सफाईदार. जगाने मात्र लक्षात ठेवले ते ब्रूटसला उद्देशून असलेले तीन लॅटिन शब्द, जे प्लूटार्ककडे नाहीतच.

तिसऱ्या अंकाविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी फार थांबत नाही. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. ब्रूटस कारणं देतो, अँटनी वस्तू दाखवतो. एकच तपशील सांगतो. अँटनी फाटका झगा उचलून एकेक भोक दाखवतो : हे कॅसियसच्या खंजिराचं, हे कास्काचं, हे ब्रूटसचं. आणि खुनाच्या वेळी तो तिथे नव्हता! ट्रेबोनियसने त्याला बोलण्यात गुंतवून बाहेर नेलं होतं. कोणतं भोक कोणाचं हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही. नर्व्हींवर विजय मिळवला त्या संध्याकाळी सीझरने हा झगा पहिल्यांदा घातला, अशी आठवणही तो सांगतो. ती लढाई ख्रिस्तपूर्व 57 ची. खरा अँटनी गॉलमध्ये सीझरकडे दाखल झाला त्यानंतर तीनेक वर्षांनी. गर्दीत कोणी विचारत नाही. त्यानंतर सिना नावाचा कवी रस्त्यात सापडतो, त्याचं नाव एका कटवाल्यासारखं आहे, तो मी नव्हेच म्हणून सांगतो, तरी मारला जातो. हा प्रवेश शतकानुशतकं गाळला जात होता.

आता चौथा अंक. पडदा वर जातो तेव्हा एका टेबलाभोवती तीन माणसं बसलेली असतात : अँटनी, ऑक्टेव्हियस, लेपिडस. समोर यादी. कोणाकोणाला मारायचं, त्या नावांवर खुणा चालल्या आहेत. ऑक्टेव्हियस लेपिडसला सांगतो, तुझ्या भावालाही मरावं लागेल, कबूल? लेपिडस कबूल होतो, पण अट घालतो : मग अँटनीच्या बहिणीच्या मुलाचंही नाव घाला. अँटनी लगेच खूण करतो. इतिहासात अँटनीने सोडलं ते मामाला. शेक्सपिअरने त्याचा भाचा करून टाकला. रक्ताची नाती अशी फिटंफाट करून झाली की अँटनी लेपिडसला सीझरचं मृत्युपत्र आणायला पाठवतो. कशाला? त्यातली देणी कमी कशी करता येतील ते पाहायला. तेच मृत्युपत्र, जे दाखवून त्याने एका अंकापूर्वी प्रत्येक रोमन नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मांचं आमिष दाखवलं आणि शहर पेटवलं. लेपिडसची पाठ फिरताच अँटनी त्याला ओझ्याच्या गाढवाच्या पंक्तीत बसवतो : काम झालं की ओझं उतरवायचं आणि चरायला सोडून द्यायचं. पन्नासेक ओळींचा प्रवेश. सीझरवरच्या प्रेमाखातर चाललेल्या लढ्याचं खरं स्वरूप इतक्या थोडक्यात मांडलेलं मला दुसरीकडे आढळत नाही.

यात अँटनीची बाजू उघडी पडली म्हणून ब्रूटसवाले खूश होऊ लागतात, तोच शेक्सपिअर आपल्याला सार्डिसला ब्रूटसच्या तंबूत नेतो. ब्रूटस आणि कॅसियस भांडताहेत. पैशावरून. कॅसियसचे हात लाचेने बरबटलेत, असा ब्रूटसचा आरोप : सीझरला मारलं ते न्यायासाठी, आणि आता आपण लाच घेणार? बोलणं ऐकायला फार चांगलं वाटतं. पण त्याच दमात तो पुढे म्हणतो, मी तुझ्याकडे सैन्याच्या पगारासाठी सोनं मागितलं, तू दिलं नाहीस. गरीब शेतकऱ्यांच्या हातून वाममार्गाने पैसा पिळणं मला जमत नाही. म्हणजे मी पिळणार नाही, तू पिळ आणि मला दे. कॅसियस हे बोलून दाखवत नाही. तो नुसता दुखावतो, छाती उघडी करून खंजीर पुढे करतो, म्हणतो सीझरवर तुझं जेवढं प्रेम होतं तेवढंही माझ्यावर नाही. बहुतेक प्रयोगांत हा प्रवेश मित्रांच्या रुसव्याचा होतो, आणि होतोही सुरेख. पण मुद्दा पैशाचा आहे, आणि सोवळ्यात राहून खर्चाची तजवीज दुसऱ्याच्या अंगावर ढकलणाऱ्या पुढाऱ्याचं याहून अचूक चित्र राजकीय नाटकांत विरळाच.

इतिहासातल्या ब्रूटसचा व्यवहार ठाऊक असेल तर हसू येतं. त्याने हस्तकांच्या नावावर सायप्रसमधल्या सॅलॅमिस शहराला 48 टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं. वसुलीसाठी घोडदळाने तिथल्या कारभारी मंडळाला सभागृहात कोंडलं आणि पाच जण उपाशी मेले. हे सिसेरोच्या पत्रांतून कळतं. प्रांताचा गव्हर्नर म्हणून तो तगादा त्याच्याच गळ्यात आला होता. शेक्सपिअरने ही पत्रं वाचली होती असं म्हणायला आधार नाही. स्वच्छ माणूस पैशाची सोय कशी लावतो, हे त्याला पत्रं न वाचताही कळलं.

भांडण मिटतं आणि पोर्शिया मेल्याची बातमी ब्रूटस स्वतःच कॅसियसला सांगतो. जरा वेळाने मेसाला येतो, तो दबकत तीच बातमी सांगतो, आणि ब्रूटस पहिल्यांदाच ऐकल्यासारखा शांतपणे घेतो. संहितेचे अभ्यासक म्हणतात की यातला एक मजकूर खोडायचा राहून गेला असावा. असेलही. पण दोन्ही राहिले आहेत, आणि दोन्ही ठेवून पाहिलं तर दिसतो तो असा ब्रूटस, जो हाताखालच्यांसमोर स्थितप्रज्ञ दिसण्यासाठी बायकोच्या मरणाचाही प्रयोग करतो. कॅसियस तिथेच उभा आहे, खरं काय ते त्याला माहीत आहे. तो काही बोलत नाही, उलट वाखाणतो. याच प्रवेशात रोमहून आलेली पत्रं जुळवली जातात : ब्रूटसच्या पत्रात सत्तर सिनेटर मारल्याचं आहे, मेसालाच्या पत्रात शंभर. दोन्हींत सिसेरो आहे. कोणी आकडा पुन्हा विचारत नाही, चर्चा फिलिपायवर जाते. कॅसियसचं म्हणणं जागेवर थांबावं, शत्रूला दमू द्यावं. ब्रूटस नेहमीप्रमाणे त्याचं खोडून काढतो आणि नेहमीप्रमाणे चुकतो. अँटनीला जिवंत ठेवणं, त्याला बोलू देणं, तो बोलत असताना स्वतः निघून जाणं, आणि आता हे. प्रत्येक वेळी कॅसियसचा सल्ला बरोबर होता, आणि प्रत्येक वेळी तो गप्प बसला. नैतिक वजनाची गरज म्हणून ज्याला कटात आणलं, त्या ब्रूटसच्या वजनाखालीच कट दबला.

रंगभूमीने या नाटकाचं काय केलं, तो वेगळाच इतिहास आहे. 25 नोव्हेंबर 1864 ला न्यूयॉर्कच्या विंटर गार्डनमध्ये बूथ घराण्याचे तिघे भाऊ एकत्र उभे राहिले, सेंट्रल पार्कमधल्या शेक्सपिअरच्या पुतळ्यासाठी निधी जमवायला. त्यांच्या बापाचं नाव ज्यूनियस ब्रूटस बूथ. एडविन ब्रूटस झाला, थोरला कॅसियस, आणि जॉन विल्क्स अँटनी. पाच महिन्यांनी जॉनने लिंकनला गोळी घातली. पळत असताना डायरीत त्याने तक्रार केली की ज्यासाठी ब्रूटसचा गौरव झाला त्याचसाठी मला कुत्र्यासारखं हाकलताहेत. त्या रात्रीची भूमिका त्याची ब्रूटसची नव्हती, हे तो विसरला असेल, किंवा बापाचं नाव जास्त लक्षात असेल.

1937 मध्ये ऑर्सन वेल्सने मर्क्युरी थिएटरमध्ये इटलीच्या फासिस्टांसारख्या गणवेशातला सीझर आणला, स्वतः ब्रूटस झाला आणि सिना कवीचा प्रवेश परत ठेवला. लोकांनी अंधारातून येऊन कवीला गिळून टाकलं, तो क्षण त्या प्रयोगाचा कळस मानला गेला. पण वेल्सने चौथ्या-पाचव्या अंकांना कात्री लावली. हुकूमशहा ओळखायचा होता, पुढचा हिशेब नको होता. 1953 च्या चित्रपटात जॉन गिलगुडचा कॅसियस आणि जेम्स मेसनचा ब्रूटस असूनही मार्लन ब्रँडोचा अँटनी भाव खाऊन गेला. 2012 मध्ये फिलिडा लॉइडने डॉनमारमध्ये नाटक बायकांच्या तुरुंगात नेलं, हॅरिएट वॉल्टर ब्रूटस. तिथे निष्ठा, चुगली, टोळी या गोष्टी समजावून द्याव्या लागल्या नाहीत. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या उघड्या नाट्यगृहात सीझर ट्रम्पसारखा दिसला, तेव्हा प्रायोजकांनी पाय मागे घेतले आणि प्रयोगात निदर्शकांनी रंगमंच गाठला. मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये 2012 साली ओबामांसारखा सीझर मारला गेला होता, तेव्हा एवढा गदारोळ नव्हता. दोन्ही वेळा नाटक तेच होतं, आणि कटवाल्यांची वाट लागते हे दोन्हींत शाबूत होतं. निषेध करणाऱ्यांनी बहुधा चौथ्या अंकापर्यंत थांबायची तसदी घेतली नसावी.

वाचणाऱ्यांचं नातं याहून विचित्र. टांझानियाचे नेते ज्युलियस न्येरेरे सत्तेवर असतानाच 1963 मध्ये त्यांचा स्वाहिली अनुवाद आला. सहा वर्षांनी त्यांनी तो सुधारून पुन्हा छापला. राष्ट्रप्रमुखाने राष्ट्रप्रमुखाच्या खुनाचं नाटक दोनदा घासूनपुसून घ्यावं, हे गंमतीचं आहे. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम यांच्याकडे शेक्सपिअरचं समग्र पुस्तक होतं, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांनी मढवून धर्मग्रंथ म्हणून पहारेकऱ्यांपासून वाचवलेलं. कैद्यांनी आपापल्या आवडीच्या उताऱ्यांजवळ सह्या केल्या. नेल्सन मंडेलांनी 16 डिसेंबर 1977 ला सही केली ती याच नाटकात, आणि ब्रूटसच्या नव्हे, सीझरच्या ओळींजवळ : मरणाला भिणारे रोज मरतात, हे तो बायकोला सांगतो तिथे.

मराठी वाचकाला या नाटकाचा सख्खा शेजारी हवा असेल तर तो म्हणजे 1909 चं ‘भाऊबंदकी’. खाडिलकर शेक्सपिअर पचवलेले नाटककार आणि ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, त्यानंतरच्या दरबारावर हे नाटक आहे. इथेही सत्ता, काका-पुतण्याचं रक्त, आणि कोणाशी इमान राखायचं या पेचात सापडलेले कारभारी. पण खाडिलकरांपाशी रामशास्त्री आहेत. पेशवा झालेल्या काकाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून ते निघून जातात, हातात शस्त्र नाही, कोणाच्या कटात नाहीत. शेक्सपिअरच्या रोममध्ये ही खुर्ची रिकामी आहे. ती सिसेरोची होऊ शकली असती. कटात त्याला घ्यावं असं कॅसियस म्हणतो, ब्रूटस नको म्हणतो, आणि मग सिसेरो नाटकात परततो तो थेट मेसालाच्या पत्रातल्या मृतांच्या यादीत. कायद्याने न्याय सांगणारा माणूस जिथे उरलेला नाही, तिथे प्रत्येकाने आपल्या खंजिराला न्याय म्हटलं, असा या दोन नाटकांतला फरक मला दिसतो. खाडिलकरांचं नाटक त्यामुळे जास्त आश्वासक आहे आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, शेक्सपिअरचं जास्त खरं.

पाचव्या अंकात निष्ठेचे नमुने सापडतात ते खालच्या फळीत. टिटिनियस कॅसियसच्या प्रेतावर जीव देतो. व्होलम्नियस हा ब्रूटसचा शाळासोबती, तो तलवार धरायला नकार देतो, मित्राने मित्रासाठी करायचं हे काम नव्हे म्हणून. वर, नेत्यांत, मात्र वाटाघाटी चालूच असतात. लढाईपूर्वी अँटनी ऑक्टेव्हियसला डावी बाजू सांभाळायला सांगतो. ऑक्टेव्हियस म्हणतो, उजवी मी घेणार, डावी तू. का आडवा येतोस विचारल्यावर उत्तर येतं, आडवा येत नाही, पण करणार हेच. प्लूटार्ककडे उजव्या बाजूचा विषय ब्रूटस आणि कॅसियस यांच्यात निघतो. शेक्सपिअरने तो उचलून जिंकणाऱ्यांच्या छावणीत टाकला. आणि मग दोनचार ओळींनंतर अँटनी त्या एकवीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ‘सीझर’ म्हणून हाक मारतो.

नाटकाचा शेवट सगळे ब्रूटसच्या गौरवासाठी लक्षात ठेवतात. अँटनी त्याला सगळ्यांत थोर रोमन ठरवतो, मेल्यावर. त्याच्या जरा आधीचा व्यवहार मात्र सहसा कोणी बघत नाही. ब्रूटसची ज्यांनी चाकरी केली त्या सगळ्यांना मी माझ्याकडे ठेवतो, असं ऑक्टेव्हियस जाहीर करतो, आणि समोर उभ्या असलेल्या स्ट्रॅटोला विचारतो, येतोस का माझ्याकडे? हा तोच, ज्याने थोड्या वेळापूर्वी तोंड फिरवून तलवार धरली होती आणि ब्रूटस तिच्यावर धावला होता. स्ट्रॅटो म्हणतो, मेसालाने शिफारस केली तर. मेसाला विचारतो, मालक कसे गेले? स्ट्रॅटो सांगतो. मग ऑक्टेव्हियस, याला घे तुझ्याकडे, मेसाला म्हणतो, माझ्या धन्याची शेवटची सेवा याने केली आहे.